मान हलली की कानही हलतो: मानेचं दुखणं आणि कान-नाक-घशाच्या तक्रारी यांचा गुंता सोडवताना

माझ्या मावशीने सहा महिने गळ्यात कॉलर घालून काढले. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिने मान वर केली आणि सगळी खोली गरगर फिरली. एक्स-रे काढला, त्यात मणक्यांची झीज दिसली आणि निदान ठरलं: मानेमुळे चक्कर. कॉलर, शेक, गोळ्या सगळं झालं, चक्कर तशीच. पुढे एका कान-नाक-घसा तज्ज्ञाने तिला टेबलावर बसवलं, डोकं एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं आणि तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. दोष मानेत नव्हता, आतल्या कानात होता. दोन बैठकांत चक्कर गेली. मान मात्र तोवर खरोखरच दुखायला लागली होती, कारण सहा महिने तिने ती हलवलीच नव्हती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेचं दुखणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि मानेचा कानाशी, घशाशी, आवाजाशी असलेला संबंध मी रोज पाहते. तो संबंध खरा आहे. पण तो जितक्या सहज गृहीत धरला जातो तितका सरळ नाही. डोकं वळवलं की मान हलते आणि त्याच क्षणी आतला कानही हलतो. रोजच्या जगण्यात या दोघांना वेगळं हलवताच येत नाही. म्हणून ‘मान वळवली की चक्कर येते’ एवढ्यावरून दोष मानेचा ठरत नाही. तसंच ‘कान दुखतो’ एवढ्यावरून दोष कानाचा ठरत नाही. कोणती गोष्ट आधी तपासायची आणि कोणती नंतर, हा क्रम चुकला की महिने वाया जातात. तो क्रम इथे पायरीपायरीने मांडते आहे.

पायरी १: आधी धोक्याची लक्षणं बघा

मानेचे व्यायाम, मसाज, शेक यांतलं काहीही सुरू करण्याआधी पुढची यादी वाचा. यातलं एकही लागू होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

- चक्करेबरोबर एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळता न येणं, चेहरा किंवा हात-पाय बधिर पडणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं. हा मेंदूच्या मागच्या भागाचा झटका असू शकतो.
- मानेच्या एका बाजूला पूर्वी कधीच न अनुभवलेली तीव्र कळ, विशेषतः झटका बसल्यावर किंवा कुणी मान कडकन मोडल्यावर. सोबत चक्कर असेल किंवा एका डोळ्याची पापणी खाली आली असेल, तर मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटल्याची शंका घ्यावी लागते.
- अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, एका कानाने ऐकू येईनासं होणं.
- ताप आणि ताठ मान, त्यात उजेड सहन न होणं किंवा गुंगी.
- लहान मुलाला ताप आहे, मान वळवत नाही, लाळ गळते आहे, काही गिळत नाही.
- श्वास आत घेताना घशातून आवाज येणं.

यातल्या अचानक येणाऱ्या बहिरेपणाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. माणसं ‘कानाला दडा बसला असेल, मळ असेल, मान आखडली म्हणून असेल’ असं म्हणत आठवडे घालवतात. आतल्या कानाच्या नसेला सूज असेल तर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू होणं महत्त्वाचं असतं. दोन आठवडे उलटले की फायद्याची शक्यता बरीच घटते.

दुसरा एक गट असा, की आजच धावायला नको पण टाळायलाही नको. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, मानेत न दुखणारी गाठ तीन आठवड्यांत न विरघळलेली, गिळताना होणारा त्रास वाढत चाललेला, एकाच कानात सतत दुखतंय आणि कान तपासला तर स्वच्छ. तंबाखू किंवा दारूची सवय असेल तर अधिकच लवकर जा. घशाच्या खोल भागातल्या कर्करोगाची पहिली तक्रार कधी कधी फक्त कानदुखी असते. ही कानदुखी मानेच्या खात्यात टाकून मसाज करत बसणं फार महागात पडतं.

शर्टाचं बटण लावताना बोटं जुमानत नाहीत, चालताना पाय अडखळतात, लघवीवरचा ताबा सैल झाला आहे, अशी माणसंही ‘चक्कर येते’ असंच सांगतात. खरं तर त्यांना चक्कर येत नसते, त्यांचा तोल जात असतो. मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दाबला जातो तेव्हा असं होतं. इथे दोष नक्की मानेचाच असतो, पण उपाय व्यायामाचा नाही. आधी एमआरआय आणि मेंदू-मणक्याच्या सर्जनचा सल्ला.

पायरी २: चक्कर म्हणजे नेमकं काय होतं, ते लिहून काढा

मराठीत आपण कितीतरी वेगळ्या अनुभवांना ‘चक्कर’ म्हणतो. गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, झोक जाणं, डोकं हलकं वाटणं, पायाखालची जमीन मऊ झाल्यासारखं वाटणं. डॉक्टरकडे जाण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा आणि दर वेळी तीन गोष्टी लिहा: किती वेळ टिकलं, कशाने सुरू झालं, सोबत काय होतं. निम्मं निदान या वहीतच होतं, असं मी अनुभवावरून सांगते.

वेळ सगळ्यात जास्त बोलते. अंथरुणात कूस बदलली, आडवं झालं, उठलं किंवा वर पाहिलं की दोन-चार सेकंदांनी खोली फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तर बहुधा तो बीपीपीव्ही. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, शिरतात आणि डोकं हललं की तिथला द्रव ढवळतात. मावशीला हेच झालं होतं. चक्करेचा झटका वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकत असेल, त्या वेळी एका कानात दडा, आवाज आणि ऐकू कमी येणं होत असेल, तर मेनिअरच्या आजाराचा विचार करतात. प्रोस्पेर मेनिअर यांनी १८६१ मध्ये पहिल्यांदा ठामपणे मांडलं की अशी चक्कर मेंदूतून नाही, कानातून येते. सलग काही दिवस गरगरणं, मळमळ, पण ऐकू नीट येतंय, तर तोलाच्या नसेची सूज. पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही टिकणारी, अर्धशिशीचा इतिहास असलेली, उजेड-आवाज नकोसा करणारी चक्कर ही अर्धशिशीचीच चक्कर असू शकते. आणि अर्धशिशीत मान दुखतेच, त्यामुळे तिथेही मानेवर खोटा आळ येतो. उभं राहिल्यावरच अंधारी येते, आडवं असताना कधीच नाही, तर रक्तदाब आडवं झोपून आणि उभं राहून तीन मिनिटांच्या आत मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा अधिक घसरला तर उत्तर तिथेच मिळतं.

मग मानेची चक्कर कशी असते? ती सहसा गरगरवत नाही. तोल डळमळीत वाटतो, डोकं जड किंवा तरंगल्यासारखं वाटतं. मान दुखू लागली की ती वाढते, मान सैल झाली की कमी होते. मिनिटांपासून तासांपर्यंत रेंगाळते. मान एका बाजूला कमी वळते, मानगुटीखाली दाबलं की दुखतं. ऐकण्यात फरक नसतो. मानेला झटका बसलेल्या अपघातानंतर ही तक्रार विशेष दिसते.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. आपला तोल तीन ठिकाणच्या बातम्यांवर चालतो: डोळे, आतला कान, आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव. कवटीच्या तळाशी, मानगुटीच्या अगदी वर, छोट्या स्नायूंच्या चार जोड्या आहेत. त्यांचं काम ताकदीचं कमी आणि बातमी देण्याचं जास्त. ताण मोजणारे संवेदक त्यांच्यात दाटीवाटीने भरलेले असतात. मान जितकी वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमध्येच होतं, आणि हे स्नायू तिथेच आहेत. ते आखडले किंवा सुजले की डोकं कुठे आहे याची चुकीची बातमी जाते. कान सांगतो एक, मान सांगते दुसरं, आणि मेंदूचा हिशेब जुळत नाही.

मात्र मानेची चक्कर सिद्ध करणारी एकही ठोस चाचणी आज नाही. बाकी सगळं तपासून झाल्यावर, मानेचा त्रास आणि चक्कर यांची वेळ जुळत असेल तरच हे निदान करायचं असतं. एक्स-रेमधली झीज हा पुरावा नाही. वयाबरोबर ती बहुतेकांच्या मानेत येते, ज्यांना कसलाही त्रास नाही त्यांच्याही.

पायरी ३: मान आणि कान वेगळे करून पाहा

रोजच्या जगण्यात दोघं एकत्र हलतात असं वर म्हटलं. पण फिरत्या खुर्चीवर त्यांना थोडं वेगळं करता येतं. नुकती मानेला इजा झाली असेल, संधिवाताने मणके सैल झाले असतील किंवा पायरी १ मधलं काहीही असेल तर ही चाचणी करू नका.

खुर्चीत ताठ बसा. घरातल्या कुणालातरी समोर उभं करून दोन्ही हातांनी तुमचं डोकं हलकेच पण स्थिर धरायला सांगा. डोळे मिटा. आता पायांनी खुर्ची हळूहळू एका बाजूला साधारण ४५ अंश वळवा, अर्धा मिनिट थांबा, मध्ये या, मग दुसऱ्या बाजूला. डोकं जागेवर आहे, म्हणजे आतला कान स्थिर आहे. वळली ती फक्त मान. यानंतर डोकं आणि धड एकत्र ठेवून, मान अजिबात न वळवता, पूर्ण खुर्चीच डावी-उजवी फिरवा. आता मान स्थिर आणि कान हलता. पहिल्या प्रकारात नेहमीचीच चक्कर आली आणि दुसऱ्यात नाही, तर मानेकडे बोट जातं. उलट झालं तर कानाकडे. हा निकाल अंतिम नाही, पण डॉक्टरांना सांगण्याजोगा नक्की आहे.

दुसरी चाचणी डोक्याला बांधायच्या टॉर्चने करा. भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसा, नजर समोर ठेवा आणि प्रकाशाच्या मध्यावर भिंतीला खूण करा. डोळे मिटून मान पूर्ण एका बाजूला वळवा आणि अंदाजाने पुन्हा मध्ये आणा. डोळे उघडून पाहा, प्रकाश खुणेपासून किती सरकला. दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा करा. सरासरी चूक ७ सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे कोनात साधारण साडेचार अंश, असेल तर मानेची जाणीव मंदावली आहे असं मानतात. हीच चाचणी पुढे व्यायाम म्हणूनही वापरायची आहे, म्हणून आजचे आकडे वहीत लिहून ठेवा.

बीपीपीव्हीची डिक्स-हॉलपाइक चाचणी, म्हणजे मावशीची केली तशी डोकं वळवून झटकन आडवं करून डोळे बघायची तपासणी, १९५२ पासून वापरात आहे. ती आणि त्यावरचा एप्ली उपचार (डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेबाहेर काढायचा) पहिल्यांदा तरी जाणकाराकडूनच करून घ्या. कोणता कान, कोणती नलिका हे डोळ्यांच्या हालचालीवरून ठरतं आणि ते स्वतःचं स्वतःला दिसत नाही. मान खरोखरच आखडलेली असेल, मागे जात नसेल, तर तसं आधी सांगा. कुशीवर आडवं करूनही ही चाचणी होते आणि कण बाहेर काढायची दुसरी रीत, सेमाँची पद्धत, मानेला बरीच सोपी जाते. ‘मान दुखते म्हणून ती तपासणी नको’ असं म्हणून परत येऊ नका.

पायरी ४: कान दुखतो, पण कान स्वच्छ आहे

कानाची पाळी ओढली किंवा कानासमोरचा उंचवटा दाबला आणि कळ आली, तर दोष कानाच्या बाहेरच्या नळीत. सर्दीनंतर दडा, ठणका, ताप असेल तर मधल्या कानात. डॉक्टरांनी कानात पाहिलं, पडदा ठीक, नळी ठीक, आणि तरी दुखतंय, तर शोध बाहेर वळवायचा.

एवढ्याशा कानाची संवेदना पाच ठिकाणांहून येते: मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या नसा, आणि मानेतली दुसरी-तिसरी नस. याच नसा दात, जबडा, टॉन्सिल, जिभेचं मूळ, स्वरयंत्र, मानेचे वरचे सांधे यांनाही जातात. शिवाय चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या पाचव्या नसेचं केंद्र मेंदूतून खाली उतरून मानेच्या वरच्या भागापर्यंत पोचतं आणि मानेतून आलेल्या वेदना तिथेच मिसळतात. मेंदूला पत्ता नीट वाचता येत नाही. मग मान दुखण्याऐवजी कान, कपाळ किंवा डोळ्यामागचा भाग दुखतो.

शोध या क्रमाने घ्या. आधी घसा: कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्रापर्यंत तपासणी. हे पहिलं, कारण इथे चुकलं तर नुकसान सगळ्यात मोठं. मग दात: किडलेली दाढ, वाकडी उगवणारी अक्कलदाढ. मग जबड्याचा सांधा: कानासमोर बोटं ठेवून तोंड उघडा-मिटा, कटकट वाजतं का, तोंड एका बाजूला सरकतं का, सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असतो का? जबड्याच्या सांध्याचा कानाच्या तक्रारींशी संबंध जेम्स कॉस्टन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९३४ मध्ये मांडला होता. त्याची कारणमीमांसा पुढे मागे पडली, पण निरीक्षण टिकलं.

आणि मग मान. मानेच्या मणक्यांमुळे दुखणारा कान सहसा पाळीच्या खालच्या भागात, कानामागच्या हाडाशी आणि जबड्याच्या कोपऱ्यापाशी दुखतो, कारण तिथली त्वचा मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या नसेकडे आहे. एका बाजूला मान वळवून पाहा, दुखणं वाढतं का. कानामागून गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत तिरका येणारा जाड स्नायू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच धरून दाबा. ओळखीची कानदुखी उठली, तर धागा सापडला. चिमटीत स्नायूच धरा. खोलवर, जिथे नाडी लागते तिथे कधीही दाबू नका.

दोन विरळ पण चुकवू नयेत अशा गोष्टी. कानाच्या खालून निघणारा सुईसारखा हाडाचा काटा काहींमध्ये ३० मिलिमीटरहून लांब वाढतो आणि मान वळवताना, गिळताना घशात टोचतं, कानात कळ जाते. वॉट ईगल यांनी १९३७ मध्ये हे वर्णन केलं. सीटी स्कॅनमध्ये काटा स्पष्ट दिसतो. काटा लांब दिसणाऱ्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो, म्हणून लक्षणं जुळली तरच त्याला दोष द्यायचा. दुसरी, थायरॉइडची वेदनादायक सूज: गळा समोरून दुखतो, कळ जबड्यात आणि कानात जाते, हात लावू देत नाही. हिला लोक मान अवघडली असंच समजतात.

पायरी ५: कानातला आवाज

शांत खोलीत बसा. आवाज कसा आहे ते ऐका. मग दात घट्ट आवळा, सोडा. हनुवटी पुढे काढा, मागे घ्या. तळहाताने कपाळाला दाब द्या आणि मान तशीच रोखून धरा. मग दोन्ही बाजूंनी. या हालचालींनी आवाजाची पट्टी किंवा मोठेपणा बदलत असेल, तर मानेच्या आणि जबड्याच्या नसांचा त्यात वाटा आहे. ऐकण्याच्या नसेचा मेंदूतला पहिला थांबा मानेतून आलेल्या संदेशांनाही जागा देतो, म्हणून हे घडतं. अशा माणसांना मान आणि जबड्याच्या उपचाराचा फायदा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. आवाज पूर्ण जाईल असं आश्वासन मी कुणालाच देत नाही. कमी होतो, सोसवेल इतका होतो.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर प्रश्न रक्तवाहिन्यांचा असू शकतो, तिथे स्कॅन हवा. एकाच कानात सतत आवाज आणि त्याच कानाने कमी ऐकू येत असेल तर श्रवणचाचणी आणि एमआरआय. आणि मानदुखीसाठी मोठ्या मात्रेत घेतलेली ॲस्पिरिन स्वतःच कानात आवाज आणते. नवीन औषध आणि नवा आवाज यांच्या तारखा वहीत जुळवून बघा.

पायरी ६: घसा आणि आवाज

गळ्यात, हनुवटीच्या खाली, एक घोड्याच्या नालेसारखं हाड आहे. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेलं नाही; स्नायू आणि अस्थिबंधांवर लटकलेलं असतं, आणि स्वरयंत्र त्याला टांगलेलं. त्यातला एक स्नायू तर थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातो. डोकं तासन्‌तास पुढे काढून बसणाऱ्याचा आवाज का थकतो, हे या रचनेतून समजतं. एक प्रयोग करा: हनुवटी पुढे काढून चार ओळी मोठ्याने वाचा, मग मान लांब करून, हनुवटी किंचित आत घेऊन त्याच ओळी वाचा. फरक कानांना कळतो. शिक्षक, कीर्तनकार, गायक यांच्या आवाजावर उपचार करताना मानेकडे पाहायलाच हवं. पण आधी दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घेतलेले असावेत.

घशात गोळा अडकल्याची भावना, जी जेवताना उलट कमी होते आणि नुसता आवंढा गिळताना जाणवते, ती बहुधा आम्लपित्त, ताण किंवा गळ्याच्या स्नायूंचा आखडलेपणा यांतून येते. घन अन्न खरोखर अडकत असेल तर गोष्ट वेगळी. उतारवयात काहींच्या मानेच्या मणक्यांच्या समोरच्या बाजूला हाडाचे मोठे उंचवटे वाढतात आणि अन्ननलिकेला मागून ढकलतात. बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये ते दिसतात. तरीही अन्ननलिकेची तपासणी झाल्याशिवाय त्यांच्यावर दोष टाकू नये.

नाकाबद्दल थोडक्यात. कपाळ आणि डोळ्यामागचा भाग दुखतो, पण नाक चोंदलेलं नाही, घट्ट शेंबूड नाही, वास नीट येतो, तर ते सायनस असण्याची शक्यता कमी. अर्धशिशी किंवा मान तपासा. उलट दिशेनेही संबंध आहे: नाक कायम बंद असलेली, तोंडाने श्वास घेणारी मुलं श्वासाची वाट मोकळी ठेवायला डोकं पुढे काढतात. अशा मुलाला ‘ताठ बस’ म्हणत राहण्याआधी त्याचं नाक आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची टॉन्सिलसारखी गाठ) तपासून घ्या.

पायरी ७: उलटी वाट, घशातून मानेकडे

या पायरीकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावं. घसा आणि मानेचे मणके यांच्यात फार पातळ पडदे आहेत. घशातला जंतुसंसर्ग मागे सरकला की मान आखडते.

घसा सुजला की मानेत अवधाण येतं, मान थोडी दुखते, ते नेहमीचं. टॉन्सिलच्या बाजूला पू झाला की तोंड उघडेनासं होतं आणि मान एका बाजूला झुकते. घशाच्या मागे पू झाला, जे पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त दिसतं, की मूल मान मागे न्यायला तयार नसतं, लाळ गाळतं, आवाज घोगरा होतो. हा थेट रुग्णालयाचा मामला.

आणखी एक प्रकार क्वचित दिसतो, पण ओळखला गेला नाही तर मुलाचं फार नुकसान करतो. घशाचा संसर्ग किंवा टॉन्सिल-ॲडिनॉइडची शस्त्रक्रिया होऊन काही दिवस झाले आहेत आणि मुलाची मान अचानक एका बाजूला कलून, हनुवटी दुसऱ्या बाजूला वळून अडकली आहे. सुजेमुळे पहिल्या दोन मणक्यांना बांधणारे अस्थिबंध सैल होतात आणि पहिला मणका दुसऱ्यावर फिरून अडकतो. ग्रिझेल यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो. १९३० मध्ये त्यांनी त्याचं वर्णन केलं. लवकर कळलं तर औषधं आणि कॉलरवर भागतं, उशीर झाला तर शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. अशी मान बघून ‘उसण भरली’ म्हणत ती चोळू नका, ओढू नका, वळवून सरळ करायचा प्रयत्न करू नका.

मोठ्यांमध्ये, साधारण तिशी ते साठीच्या दरम्यान, मानेची तीव्र कळ आणि गिळताना वेदना एकदमच येतात. मणक्यांच्या समोरच्या स्नायूच्या टोकाशी कॅल्शियम साचून सूज येते तेव्हा असं होतं. घशामागे पू झाल्यासारखंच चित्र दिसतं, पण सीटीमध्ये कॅल्शियमचा ठिपका दिसतो आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी एक-दोन आठवड्यांत बरं वाटतं.

पायरी ८: मानेवर काम

वरच्या पायऱ्या पार करून मान हेच कारण किंवा कारणाचा एक भाग ठरला असेल, तर सहा आठवड्यांचा कार्यक्रम धरा. बीपीपीव्ही बरा होऊनही मान आखडलेली राहिली असेल, त्यांनाही हाच लागू. चक्करेच्या भीतीने माणूस मान आणि धड एकत्र, पुतळ्यासारखं वळवू लागतो. ती सवय मोडावी लागते.

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त दोन गोष्टी. उताणं झोपून, डोक्याखाली पातळ घडी ठेवून, ‘हो’ म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी हलकी आत घ्या. डोकं उचलायचं नाही. गळ्यासमोरचे जाड स्नायू ताठले तर जोर जास्त लागतोय. पाच सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरी, बसून खांद्याचे फरे हलकेच मागे आणि खाली नेऊन दहा सेकंद धरायचे, दहा वेळा. मान डावी-उजवी वळवा, पण दुखण्याच्या अलीकडे थांबा.

तिसऱ्या आठवड्यापासून टॉर्च. डोळे मिटून मध्ये परत येण्याचा सराव रोज दोन्ही बाजूंना दहा वेळा. मग भिंतीवर कागद लावून त्यावर मोठा आठ काढा आणि प्रकाशाने तो हळूहळू गिरवा. जोडीला नजर: हात लांब करून अंगठ्याकडे बघा, नजर तिथेच रोवून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा, अर्धा मिनिट. थोडी चक्कर वाटणं अपेक्षित आहे. मिनिटाभरात शमली पाहिजे. न शमल्यास वेग कमी करा. पाचव्या आठवड्यात हेच उभं राहून, मग पाय एकापुढे एक ठेवून, भिंतीजवळ. दर आठवड्याला ७ सेंटिमीटरच्या चाचणीचा आकडा लिहा.

काय टाळायचं, तेही सांगते. मान झटक्याने मोडून घेणं टाळा, कुणी कितीही सराईत असो. कॉलर दिलीच तर थोडे दिवसच. महिनोन्‌महिने घातली की स्नायू ढिले पडतात. आणि चक्करेच्या गोळ्या. तीव्र झटक्यात त्या उपयोगी आहेत, पण सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन महिनोन्‌महिने घेत राहिलं तर मेंदू स्वतःहून जुळवून घेण्याचं काम लांबवतो, आणि वयस्कांमध्ये हात थरथरणं, हालचाल मंदावणं असे परिणाम दिसू शकतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण ‘किती दिवस घ्यायच्या?’ हे डॉक्टरांना नक्की विचारा.

पायरी ९: कुणाकडे, काय घेऊन जायचं

चक्कर, कान, घसा, आवाज यांपैकी काहीही असेल तर पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञाची. हातात बधिरपणा किंवा कमजोरी असेल तर सोबत मणक्याच्या डॉक्टरांची. वही, चालू औषधांची यादी, आधीचे अहवाल न्या. तीन प्रश्न विचारा: माझी आडवं करून डोळे बघायची तपासणी झाली का? श्रवणचाचणी झाली का? घसा स्वरयंत्रापर्यंत पाहिला का? या तिन्हींची उत्तरं मिळायच्या आत ‘मानेचं आहे’ असं सांगितलं गेलं, तर नम्रपणे पण ठामपणे त्या तपासण्या मागा.

सहा आठवडे नीट व्यायाम करूनही टॉर्चचा आकडा सुधारला नाही, किंवा आकडा सुधारला पण चक्कर, कानदुखी, आवाज तसाच राहिला, तर निदान चुकलं असं समजा आणि वही घेऊन पायरी १ पासून पुन्हा सुरुवात करा. मावशीची दुसरी तपासणी पाचव्याच महिन्यात ठरली होती. ‘आता मानेचंच आहे ना’ म्हणून तिने ती पुढे ढकलली, आणि कॉलर आणखी एक महिना गळ्यात राहिली.